जिना चढते म्हणून

"चालून दाखव."

साहेब माइकवरून बोलले. त्यामुळे मंडपातल्या सगळ्यांनी ते ऐकलं, आणि बाहेर चहाच्या गाड्यापाशी उभ्या असलेल्यांनीही. मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. मला वाटलं, दुसऱ्या कोणाला सांगत असतील. मग त्यांनी बोटानं वाट दाखवली. खुर्च्यांच्या दोन भागांच्या मधली, थेट व्यासपीठापर्यंतची.

मी चालले.

माझ्या उजव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आहे. तो सतरंजीत अडकतो. हात मांडीवर दाबून पाय पुढे टाकावा लागतो, तेव्हा सगळं अंग एका बाजूला जातं आणि मग सावरतं. पोलिओ झाला तेव्हापासून असंच आहे. बाजारातून जाताना मला त्याचं काही वाटत नाही, बाजार आपल्या कामात असतो. त्या दिवशी मात्र कोणालाच दुसरं काम नव्हतं. काहींनी मोबाइल वर केले. अर्ध्या वाटेत होते तेव्हा कोणीतरी टाळी वाजवली. ती कशासाठी होती, मला अजून कळलेलं नाही.

व्यासपीठाशी पोचले. साहेब म्हणाले, "चालता तर येतं."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून गुरुजी उठले. गुरुजी म्हणजे माझे घरमालक. चौथीत मला शिकवायला होते. त्यांना माइक लागत नाही, इतक्या वर्षांचा वर्गातला आवाज आहे. ते म्हणाले, "चालते काय साहेब, माझ्या माडीवर राहते. दिवसभर जिना चढते-उतरते."

"जिना?" साहेब हसले. "अहो, जिना तर माझ्यानंही चढवत नाही."

सगळा मंडप हसला. बायासुद्धा हसल्या. ज्यांचे सरकारी पैसे माझ्या अपंगाच्या पैशांसारखेच महिन्याकाठी येतात, त्याही.

साहेबांनी शेजारच्या माणसाला सांगितलं, "हिची तपासणी लावा."

मग मला तीच वाट परत चालावी लागली.

आमच्या धामणगाव बढ्यात असे मेळावे होतात. तालुक्यावरून साहेब येतात, कोणत्या योजनेत किती जणांना लाभ दिला ते सांगतात, आम्ही टाळ्या वाजवतो. त्या दिवशी भाषण झाल्यावर साहेबांनी विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का. असं विचारायची पद्धत असते. त्यावर उठायची पद्धत नसते. मी उठले. शेजारी मथुराबाई बसली होती. तिला विधवेचे पैसे मिळतात, ती बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन बसते. तिनं माझी ओढणी खाली ओढली. तरी मी उठले.

मी एवढंच विचारलं, "साहेब, भाडं दरसाली वाढते, तेल वाढते, दवाई वाढते. मंग आमचे पैसे त्याच्यासंगं काऊन वाढत नाही?"

मी शिवी दिली नाही. आवाज चढवला नाही. साहेब म्हणाले, महागाई सगळ्यांनाच आहे, मलाही आहे. फुकटच्या पैशात वाढ मागायची नसते. मग त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, तुला झालं काय आहे. मी सांगितलं. आणि ते म्हणाले, चालून दाखव.

मी पैशाबद्दल विचारलं होतं. त्यांनी माझा पाय तपासला.

पैसे वाढतच नाहीत असं मी म्हणत नाही. कधीतरी वाढतात. वाढले की पेपरात फोटो येतो, भाषणं होतात, वाढवणाऱ्याचे आभार मानायला आम्हाला बोलावतात. मग पुन्हा वर्षानुवर्षं तेवढेच. त्या वर्षांत तेलाचा भाव काही आमच्यासाठी थांबून राहत नाही. रेशनचा गहू-तांदूळ मिळतो, खोटं कशाला बोलू. पण दळणाचे पैसे लागतात. वरणाला डाळ लागते. अम्मीला बीपीच्या गोळ्या लागतात. आणि डोक्यावर छप्पर लागतं.

आम्ही पिंजारी. अब्बा कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. त्यांच्यामागं मी शिवणकाम धरलं. गादीची खोळ, उशीचे अभ्रे, गोधड्या. बसून करायचं काम आहे, मला जमतं. पण आता लग्नात फोमची गादी देतात. ती फाटत नाही, पुन्हा भरावी लागत नाही. कापसाची गादी म्हाताऱ्या माणसांची राहिली, आणि म्हातारी माणसं जुनी गादी उसवून पुन्हा भरा म्हणतात, नवी घेत नाहीत. एखाद्या महिन्यात काम असतं, एखाद्या महिन्यात सुई धरायची वेळ येत नाही.

अब्बांचं घर बाजाराला लागून होतं, पण जागा दुसऱ्याची होती. रस्ता मोठा झाला, जागेला भाव आला. मालकानं घर पाडून दुकानं काढली. तेव्हा गुरुजींनी आम्हाला खोली दिली. खालची, अंगणातली. उंबरा ओलांडला की फरशी, मला काहीच त्रास नव्हता. ते उपकार मी विसरले नाही. शाळेतही त्यांनी मला दारापाशी बसवलं होतं, सुट्टीच्या गर्दीत कोणाचा धक्का लागू नये म्हणून.

गुरुजींना पेन्शन आहे. पेन्शनवर महागाई भत्ता मिळतो. महागाई वाढली की भत्ता वाढतो. भत्ता वाढला की गुरुजी बायकोला शिरा करायला सांगायचे आणि एक वाटी आमच्याकडंही यायची. आणि थोड्या दिवसांनी गुरुजी दारात येऊन म्हणायचे, "पोरी, महागाई किती वाढली बघतेस ना. भाड्याचं जरा बघावं लागेल."

एकच महागाई होती. तिच्यामुळं त्यांची पेन्शन वाढायची आणि तिच्यामुळंच माझं भाडं. माझ्या पैशाला मात्र तिचा पत्ता नव्हता.

असं दोनतीनदा झालं. मग खालची खोली मला परवडेना. गुरुजींनीच तोड काढली. माडीवर पत्र्याची खोली रिकामी पडली होती, सामान ठेवायची. तिचं भाडं कमी. खालची त्यांनी बँकेतल्या एका मुलाला दिली. आणि लंगडी बाई वर गेली.

जिना बाहेरून आहे, लोखंडी. कठडा एकाच बाजूला. चढताना तो माझ्या मोकळ्या हाताला येतो, उतरताना येत नाही. म्हणून मी बसून उतरते. एक पायरी, मग पाय उचलून खाली ठेवायचा, मग दुसरी पायरी. पाणी वर न्यायला आम्ही दोरी बांधली आहे. अम्मी खाली बादली भरते, मी वरून ओढते. उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की सुई हातातून निसटते. मी जिना चढते ते पाय बरा झाला म्हणून नाही. खाली राहायला पैसे पुरत नव्हते म्हणून.

हे मंडपात सांगायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही. हसण्यात माणसाला सुचत नाही.

घरकुलाच्या यादीत माझं नाव आहे. बऱ्याच वर्षांपासून आहे. पण घरकुल बांधायला स्वतःची जागा पाहिजे. जागा घ्यायलाही सरकार मदत देतं, तीही मी विचारून आले. तेवढ्या पैशात आमच्या गावात खाट टाकायपुरती जागा येत नाही. ती रक्कम कोणी ठरवली, कोणत्या गावातली जागा पाहून ठरवली, मला माहीत नाही. ज्यांना जागा आहे त्यांच्यातही बऱ्याच जणांच्या भिंती उभ्या राहून थांबल्या आहेत. सिमेंट, लोहा, मिस्तरीची मजुरी, सगळं वर गेलं आणि हप्ता तेवढाच राहिला. मथुराबाईच्या घरकुलावर अजून स्लॅब नाही. ताडपत्री आहे. पाटी मात्र लागली आहे, योजनेच्या नावाची.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारलं, तुम्ही असं काऊन बोलले. ते चकित झाले. खरंच चकित झाले, नाटक नव्हतं. म्हणाले, "अगं, मी तर तुझं कौतुक केलं. किती जिद्दीची आहेस ते सांगत होतो."

मी म्हटलं, मग तपासणीवाला येईल तेव्हा त्याला हेही सांगा की मी वर का राहते. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "त्यात मला ओढू नकोस, पोरी."

त्या दिवसापासून मला एकाच गोष्टीचा राग येत राहिला. चालले त्याचा. मी का चालले? त्यांनी पाय धरून ओढलं नव्हतं. नुसतं सांगितलं आणि मी चालले, जशी लहानपणी प्रत्येक डॉक्टरपुढं चालले, प्रत्येक कचेरीत चालले, बघायला आलेल्या दोन पाहुण्यांपुढं चालले. ते पाहुणे फराळ करून गेले आणि परत आले नाहीत. चालून दाखव म्हटलं की चालायचं, हे माझ्या अंगात भरून राहिलं होतं. गादीत कापूस भरतात तसं, दाबून दाबून.

तपासणीवाला ऐन उन्हाळ्यात आला. भर दुपारी. मी खोळ शिवत होते. खालून गुरुजींचा आवाज आला, साहेब आलेत म्हणून. मी दारात आले. अंगणात लिंबाच्या सावलीत एक जाडसा माणूस उभा होता, हातात मोबाइल. वय माझ्याएवढंच असेल. त्यानं मान वर करून सांगितलं, "बाई, खाली या. उतरताना व्हिडिओ घ्यायचा आहे. मग परत वर चढा. झालं काम."

अम्मी मागून म्हणाली, जा. मी पहिल्या पायरीवर बसले. नेहमी उतरायला बसते तशीच. पाय हातानं उचलला. खाली मोबाइल वर आला. त्या काचेत मी दिसत असणार, एकेक पायरी घसरत खाली येणारी. नीट उतरले तर पाय चांगला आहे. पडले तर व्हिडिओ चांगला आहे.

मी पाय परत जागेवर ठेवला.

"मी उतरणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही वर या."

तो म्हणाला, "काय?"

"तुम्हाले पाहायचं आहे ना? वर या. मी कशी राह्यते ते पाहा."

गुरुजी खालून म्हणाले, असं बोलू नये पोरी, सरकारी माणूस आहे. तो माणूस म्हणाला, "मी तुझ्यासाठी जिना चढू?"

"मी रोज चढते. तुम्ही एक डाव चढा."

अम्मी मागं दुपट्ट्याचं टोक तोंडात धरून उभी होती. तो माणूस रस्त्याकडं वळला. निघून जाईल असं वाटलं. मग मोबाइल हातात धरूनच तो चढायला लागला. लोखंड तापलेलं होतं, कठड्याला हात लावला की तो काढून घ्यायचा. वर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. दारात वाकायचं त्याच्या ध्यानात आलं नाही, कपाळ पत्र्याला लागलं.

त्यानं पाणी मागितलं. अम्मीनं दिलं. तो कापसाच्या ढिगाकडं बघत राहिला, मग मशीनकडं, मग खुंटीला बांधलेल्या दोरीकडं. ती कशाला म्हणून विचारलं. मी सांगितलं, जे पाणी प्यालात ते त्याच दोरीनं वर आलं.

मग त्यानं तो प्रश्न विचारला, जो मंडपात कोणीच विचारला नव्हता. "पाय असा आहे तर इथं वर कशाला राहता? खाली खोली घ्यायची."

मी म्हटलं, "खालच्या खोलीचं भाडं वाढलं. तुमचे पैसे नाही वाढले. म्हणून वर आलो. खालच्या भाड्याले पुरतीन एवढे द्या, आम्ही आजच खाली जातो."

तो म्हणाला, ते माझ्या हातात नाही.

"मंग तुमच्या हातात काय आहे?"

त्यानं हाताकडं पाहिलं. मोबाइल होता. तो त्यानं खिशात घातला. वाईट माणूस नव्हता, एवढं मी सांगेन. पण जाताना जिन्यावरूनच म्हणाला, व्हिडिओशिवाय तपासणी पुरी होत नाही, मला तसं कळवावं लागेल. त्यानं तसं कळवलं. लाभार्थीनं सहकार्य केलं नाही.

पुढच्या महिन्यापासून पैसे बंद झाले.

मला वाटलं होतं, खरं बोललं की काहीतरी हलतं. काही हललं नाही. अम्मी गोळी अर्धी करून घ्यायला लागली. मी रागावले तर म्हणाली, अर्धीनंही बरं वाटतं. किराणावाल्यानं उधारी थांबवली. गुरुजींच्या घरातून वाटी यायची बंद झाली. एके दिवशी गुरुजी जिन्याच्या खालच्या पायरीपाशी येऊन थांबले आणि म्हणाले, "तुम्ही दुसरीकडं खोली बघा. दिवाळीपर्यंत बघा, घाई नाही."

तुम्ही. चौथीपासून मी त्यांची पोरी होते. माझ्या तोंडून एकदा नकार निघाला आणि मी तुम्ही झाले. मान मिळाला म्हणायचा.

मग पंचायतीतला एक मेंबर आला. गोड बोलला. म्हणाला, साहेब काही मनात ठेवत नाहीत. ग्रामसभेत उभं राहून एवढंच म्हण की त्या दिवशी रागात बोलले, चूक झाली. एक व्हिडिओ काढू दे. पुढच्या महिन्यात पैसे चालू.

तो गेल्यावर अम्मी म्हणाली, "बेटा, माफी बोलने से जबान थोडी घिसती."

तिचं खोटं नव्हतं. तिनं आयुष्यभर असंच माझं औषधपाणी केलं होतं, ह्याच्या त्याच्या पाया पडून. माझा बूटसुद्धा अशाच एका हात जोडण्यातून आला. तिच्या हात जोडण्यावर मी उभी आहे. त्या दुपारी मी मशीन चालवली नाही. संध्याकाळी तिनं दाळ केली, पातळ, आणि माझ्या ताटात जास्त वाढली. मी तिला म्हटलं, अम्मी, मी माफी मागणार नाही. ती म्हणाली, मले माहीत आहे. आणि रडली. पसंत पडलं नाही तिला, अजूनही पडलेलं नाही.

ग्रामसभेच्या दिवशी मी निघाले तेव्हा मथुराबाई जिन्याखाली उभी होती. मी तिला बोलावलं नव्हतं. वाटेत ती म्हणाली, मले दरसाली इचारतात, दुसरा नवरा केला का म्हणून. चार माणसांत इचारतात. तेही हसतातच. एवढं बोलून ती माझ्या चालीनं चालत राहिली.

मेंबरनं मला पाहिलं आणि मुद्दाम वेळ काढून दिला. "हां, बोला बाई." सगळ्यांना माहीत होतं मी काय बोलणार. खुर्च्या वळल्या.

मी म्हटलं, "माह्ये पैसे बंद केले, ते काऊन केले ते सांगा. आणि बाजारामागं पंचायतीची जागा मोकळी आहे, तिथं तुम्ही दुकानाचे गाळे काढून राह्यले. ज्याचं नाव घरकुलात आहे अन् ज्याले जागा नाही, त्याले ती जागा द्या. मले द्या. माह्यासारखे अजून आहेत, त्याईले द्या."

मेंबर म्हणाला, हा विषय आज नाही.

मथुराबाई उठली. माइक नव्हता. ती बाजारात भाजीचा भाव सांगते तशी बोलली, "आज नाही तं कधी आहे? तो दिवस सांगा, आम्ही त्या दिवशी येतो."

मेंबरनं सभा संपल्याचं सांगितलं. पण त्या दिवशी हसलं कोणी नाही.

पैसे अजून चालू झालेले नाहीत. दिवाळी जवळ आली आहे. मी दुसरी खोली पाहिली, दोनतीन पाहिल्या. पत्र्याचीसुद्धा मला झेपेल अशी राहिली नाही. लोक विचारतात, एवढं बोलून मिळवलंस काय? काही मिळवलं नाही. हातातलं होतं तेही गेलं. अम्मीची गोळी अर्धीच आहे.

पण एक गोष्ट मला आता पक्की कळली आहे. मी गरीब आहे, मी लंगडी आहे, हे दर वर्षी मी का सिद्ध करू? एवढ्या पैशात या गावात दोन माणसं कशी जगतात, कोणत्या खोलीत जगतात, ते देणाऱ्यांनी सिद्ध करावं. एक महिना जगून दाखवावं.

गुरुजींनी कुलूप लावलं तर मी भांडणार नाही. खोली त्यांची आहे. मी माझी मशीन, कापूस आणि अम्मीला घेऊन बाजारामागच्या त्या जागेवर जाणार आहे. चार बांबू मथुराबाई देते म्हणाली, ताडपत्री मी शिवेन, शिवणं मला येतं. तिथं बसून मी गाद्या भरणार. उठवायला येतील, पोलीस घेऊन येतील.

येऊ द्या. मी तिथून उठणार नाही.